स्किन ॲनालिसिससाठी चेहऱ्याचा फोटो कसा काढायचा: एका जुन्या पासपोर्ट फोटोवाल्याचं उत्तर

ताई, तुम्ही विचारलंय की मोबाईलमधलं स्किन ॲनालिसिसचं ॲप सकाळी तुमच्या चेहऱ्याला ८१ मार्क देतं आणि त्याच दिवशी रात्री ६३, मग खरं कुठलं धरायचं. आणि इथं कोल्हापुरात राजारामपुरीतल्या तुमच्या डॉक्टरांनी वांगासाठी, म्हणजे गालावरच्या काळपट डागांसाठी, दर महिन्याला फोटो पाठवायला सांगितलेत, तर ते क्लिअर कसे काढायचे. सोबत दोन फोटो पण जोडलेत. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. लक्ष्मीपुरीत आमचा स्टुडिओ होता, वडिलांपासूनचा, पासपोर्ट, लग्न, बारसं सगळं केलं, आणि आता गेली सतरा वर्षं एका स्किन क्लिनिकमध्ये पेशंटचे फोटो काढतोय. दिवसाला पंधरा-वीस चेहरे होतात. त्यामुळं औषधाचं मला विचारू नका, फोटोचं काय लागंल ते विचारा.

तुमचे दोन्ही फोटो मोठे करून बघितले. मी डागाच्या आधी डोळा बघतो. बुबुळात समोरचा उजेड जसाच्या तसा उमटतो. तुमच्या सकाळच्या फोटोत बुबुळाच्या डाव्या बाजूला छोटी पांढरी चौकट आहे, त्यातले उभे गज पण मोजता येतात, म्हणजे गजाची खिडकी, आणि तुम्ही तिच्यापासून तीनेक फुटांवर. रात्रीच्या फोटोत बुबुळाच्या एकदम वरच्या कडेला एक आडवी पांढरी रेघ, म्हणजे डोक्यावर ट्यूब, त्यामुळं डोळ्याखाली, नाकाच्या बाजूला, हनुवटीखाली सगळीकडं सावल्या पडल्यात. आणि भुवई बघा, सकाळच्या फोटोत केस न् केस सुटा दिसतोय, रात्रीच्यात भुवई रंगाच्या ब्रशनं ओढल्यासारखी सपाट. उजेड कमी पडला म्हणून फोननं स्वतःच पुसून घेतलंय. ॲपला बिचाऱ्याला काय कळतंय, सावली दिसली की डार्क सर्कल म्हणतं, नाकाजवळची रेघ काळी दिसली की सुरकुती म्हणतं. तुमची कातडी बारा तासात अठरा मार्कांनी बिघडलेली नाही, तुम्ही खिडकी सोडून ट्यूबखाली आलात एवढंच झालंय.

पटत नसेल तर रविवारी एक करा. खिडकीसमोर बसून एक फोटो काढा, लगेच जागेवरच काटकोनात वळा म्हणजे उजेड एकाच गालावर येईल आणि दुसरा काढा. दोन मिनिटांचा खेळ. दोन्ही ॲपला द्या. मार्क लांब लांब आले तर समजायचं की ॲप उजेडाला मार्क देतंय, आणि तेवढ्या जोरावर सिरम न् टोनर मागवायला जाऊ नका.

आता मुद्द्याचं. लोक मला 'क्लिअर फोटो' म्हणतात, पण डॉक्टरला नुसता क्लिअर फोटो फार उपयोगाचा नसतो, त्यांना 'मागच्यासारखा' फोटो लागतो. आज एकदम झकास फोटो आणि पुढच्या महिन्यात त्याहून झकास पण दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या उजेडात, तर दोघांची तुलना करून काही कळत नाही, वांग उतरलं का उजेड बदलला हे कोण सांगणार. बऱ्यापैकी साधे पण अगदी एकसारखे दोन फोटो असतील तर डॉक्टर दहा सेकंदात सांगतात. आपल्या अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव तुम्ही बघितलाच असेल, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर, मावळतीचं किरण महाद्वारातनं आत येतं, पहिल्या दिवशी चरणावर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. तो सोहळा होतो कशामुळं, तर मूर्ती जागची हलत नाही, दार हलत नाही, आणि सूर्य वर्षातनं दोनदा त्याच कोनात येतो. मधे एखादी इमारत आडवी आली की लगेच बोंब होते. तुमच्या खिडकीशी तुम्हाला तसंच करायचंय, जागा ठरवायची, वेळ ठरवायची, आणि मधे काही आडवं येऊ द्यायचं नाही.

पण त्याच्या आधी फोनमधलं टचिंग बंद करायला पाहिजे. आमचे वडील नेगेटिव्हवर टचिंग करायचे. उतरत्या लाकडी डेस्कला मधे दुधी काच, खालनं बल्ब, त्यावर नेगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं बारीक बारीक टिंब भरत बसायचं. चेहऱ्यावरचा काळा डाग नेगेटिव्हवर पारदर्शक ठिपका दिसतो, तो शिशानं भरला की प्रिंटमध्ये डाग गायब. लग्नाच्या स्थळाचा फोटो असला की वडील अर्धा-अर्धा तास लावायचे, त्याचे पैसे वेगळे. मी तेच शिकलो आणि मग क्लिनिकमध्ये आलो तर डॉक्टर म्हणाले, 'तू जे झाकायला शिकलायस ना, तेच मला बघायचंय.' पहिले सहा महिने लई जड गेले हो, हात आपोआप सॉफ्ट लाईटकडं जायचा. आता तुमचा फोन तेच टचिंग न सांगता करतो. सेल्फी कॅमेऱ्यात ब्यूटी, रिटच, स्मूथ, ज्या त्या कंपनीनं जे नाव दिलं असेल ते, बऱ्याच फोनमध्ये आधीपासूनच चालू असतं. सेटिंगमध्ये जाऊन शून्यावर आणा. पोर्ट्रेट मोड नको, तो कानाच्या आणि केसाच्या कडा खातो. नाइट मोड नको. फिल्टर तर नकोच नको.

आणि सेल्फी कॅमेराच नको. कारणं दोन. एक म्हणजे बऱ्याच फोनमध्ये सेल्फी आरशासारखी उलटी सेव्ह होते, डाव्या गालावरचा डाग उजवीकडं जातो, आणि डॉक्टर केसपेपरवर उजवा लिहून मोकळे. आमच्याकडं हे झालेलं आहे. दुसरं म्हणजे अंतर. हातभर अंतरावरनं फोटो काढला की नाक मोठं आणि कान मागं गेलेले दिसतात. ह्यावर २०१८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या एका जर्नलमध्ये हिशोबच आला होता, १२ इंचांवरनं काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरच्यापेक्षा साधारण ३० टक्के रुंद दिसतं. आता नाक फुगतं म्हणजे नाकावरची छिद्रं पण फुगतात, आणि गाल मागं पडतात म्हणजे गालावरचं वांग लहान दिसतं. पुढच्या महिन्यात हात जरा लांब धरला की सगळंच बदललं. म्हणून मागचा कॅमेरा, तुमच्यापासून तीन ते चार फुटांवर, २एक्स झूमवर. वाइडवर नको. फोन स्टँडवर, स्टँड नसेल तर फळीवर तांदळाच्या डब्याला टेकवून, लेन्स बरोबर नाकाच्या उंचीला. वर नाही, खाली नाही. टायमर १० सेकंदाचा, ३ सेकंदाचा लावला की माणूस पळत येऊन बसतो आणि धापा टाकताना फोटो निघतो. घरात कोणी काढून देणारं असेल तर उत्तमच, पण दर महिन्याला तोच माणूस असू दे, उंच दिरानं काढलेला आणि बुटक्या भाचीनं काढलेला यात लई फरक पडतो.

लेन्स पुसा. हसू नका, मी बघितलेल्या धूसर फोटोंपैकी बरेचसे फोटो फोकसमुळं नाही तर बोटाच्या तेलामुळं धूसर असतात. मिसळ खाल्लेल्या हातानं फोन धरला की कटाचा एक हलका थर लेन्सवर बसतोच. मऊ सुती कापडानं, फुंकर मारून, दोनदा.

उजेडाबद्दल जरा जास्त बोलतो कारण सगळी गडबड तिथंच होते. उत्तरेकडची खिडकी मिळाली तर सोन्याहून पिवळं, तिथनं थेट ऊन जवळजवळ येतच नाही, नुसता आभाळाचा मऊ उजेड येतो. ती नसेल तर ज्या खिडकीत त्या वेळी ऊन नाही ती. खिडकीला पाठ करून नाही, खिडकी आडवी घेऊनही नाही, तोंड खिडकीकडं करून बसायचं आणि फोन तुमच्या आणि खिडकीच्या मधे. वेळ सकाळी दहा ते अकरा. ऊन आत येतच असेल तर खिडकीला पांढरं धोतर किंवा जुनी पांढरी सुती साडी एकेरी लावा, झाला डिफ्युजर. खोलीतले बाकी सगळे दिवे बंद, कारण खिडकीचा उजेड निळसर आणि बल्ब पिवळा, दोन्ही एकत्र आले की अर्धा चेहरा कावीळ झाल्यासारखा आणि अर्धा थंडी वाजल्यासारखा दिसतो, आणि फोनला त्यातलं खरं कुठलं ते ठरवता येत नाही.

आता भिंतीचं ऐका. मंगळवार पेठेतल्या एका वैनींचे फोटो यायचे, गालावर लालसरपणाची ट्रीटमेंट चालू होती. दोन महिने चांगले गेले, तिसऱ्या महिन्यात चेहरा एकदम लालेलाल. डॉक्टरांनी औषध बदलायचं ठरवलं, तेवढ्यात मी म्हटलं थांबा, जरा डोळ्याचं पांढरं बघा. डोळ्याचं पांढरं पण गुलाबी होतं, दात पण गुलाबी. फोन करून विचारलं तर म्हणाल्या, 'अहो दिराचं लग्न हाय न्हवं, खोलीला रंग दिलाय, गुलाबी ऑइल पेंट.' उजेड भिंतीवर आपटून चेहऱ्यावर येत होता. वऱ्हांड्यात काढलेल्या फोटोंचं तसंच, वर हिरवा फायबरचा पत्रा असला की माणूस आजारी दिसतो. गळ्याशी लाल ओढणी असली तर हनुवटीखाली लाली चढते. म्हणून मानेभोवती पांढरा किंवा राखाडी टॉवेल, आणि मागं साधी फिकट निळी किंवा राखाडी चादर. पाठीमागं पांढरीशुभ्र भिंत असली तर फोन चेहरा काळा करतो, काळी असली तर चेहरा पांढरा फटक.

पावसाळ्याचं वेगळं आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडं आभाळ कधी उघडेल सांगता येत नाही, रंकाळ्याच्या पलीकडनं ढग आला की दुपारी बारालाच दिवेलागण. अशा वेळी खिडकीच्या भरवशावर राहू नका. दोन एकसारख्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या, एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी घेतलेल्या, चेहऱ्याच्या दोन्ही बाजूला ४५ अंशात, डोळ्याच्या उंचीला, समोर ट्रेसिंग पेपर. आणि पडदा ओढून खिडकी बंद. फोटोत आडवे काळे-पांढरे पट्टे दिसले तर घाबरू नका, आपल्याकडं लाईट ५० हर्ट्झची असते, साधा एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, प्रो मोडमध्ये शटर १/१०० किंवा १/५० ला ठेवलं की पट्टे जातात. एकदा पट्ट्यांवर गेलात की मग उन्हाळ्यात परत खिडकीवर येऊ नका, वर्षभर तेच. रिंग लाईट मला आवडत नाही, रीलवाल्यांना ठीक आहे, समोरनं सरळ उजेड पडतो म्हणून खड्डे भरून निघतात आणि कपाळावर तेलकट चकाकीचं गोल कडं उमटतं, ॲप त्याला ऑइली स्किन म्हणतं. फोनचा फ्लॅश त्याहून वाईट.

चेहऱ्याची तयारी. साध्या पाण्यानं आणि रोजच्या फेसवॉशनं धुवायचा, टॉवेलनं टिपायचा, खसाखसा घासायचा नाही, आणि मग वीस मिनिटं नुसतं बसायचं. धुतल्या धुतल्या चेहरा लाल असतो. चुलीपुढनं उठून, जिममधनं येऊन, उन्हातनं येऊन लगेच फोटो नको, आणि तांबडा रस्सा ओरपून तर अजिबात नको. क्रीम, सनस्क्रीन, पावडर, काजळ काही नाही. सनस्क्रीनचा पांढरा थर वांग अर्ध्यानं लपवतो. केस मागं, साध्या काळ्या बँडनं, कपाळाची केसाची रेघ आणि दोन्ही कान मोकळे. चष्मा आधीच काढून ठेवा, नाकावरच्या खुणा जायला वेळ लागतो. नथ, कानातलं काढा. गडीमाणसांनी दाढी आदल्या दिवशी करावी, त्याच दिवशी केली की पुरळ कुठलं आणि वस्तऱ्याचं कुठलं कळत नाही.

आणि टिकली. टिकली काढायचा आग्रह मी फार करतो, बायकांना राग येतो, एका मावशींनी तर सरळ सांगितलं की नवरा जिवंत असताना टिकली काढणार नाही. मी म्हटलं मावशी, एक मिनिट काढा, फोटो झाला की लगेच लावा. त्यांनी तोंड फिरवून काढली, आणि खाली बरोबर टिकलीच्या मापाचा पांढरा गोल. त्यांना वाटायचं की तिथं ऊन लागत नाही म्हणून जागा गोरी राहिली. डॉक्टरांनी उजेडात जवळनं बघितलं आणि म्हणाले हे टिकलीच्या गोंदामुळं. काही टिकल्यांच्या चिकटीत पॅरा टर्शरी ब्युटिल फिनॉल नावाचं केमिकल असतं, ते रंग बनवणाऱ्या पेशींना मारतं. त्या आल्या होत्या गालावरच्या वांगासाठी. चार वर्षांचा तो डाग टिकलीखाली होता आणि टिकलीबरोबर आणखी मोठा होत होता. तेव्हापासून त्या चिकटणारी टिकली सोडून कुंकू लावतात, तेही आधी बाजूला पॅचटेस्ट करून, म्हणजे जरासं लावून त्रास होत नाही ना ते बघून.

काढलेली टिकली फेकू नका, कामाची आहे. समोर फोनच्या मागं, खिडकीच्या चौकटीवर डोळ्याच्या उंचीला एक टिकली चिकटवा, हे सरळ बघायचं ठिकाण. डावीकडं-उजवीकडं ४५ अंशाला एकेक, आणि अगदी बाजूला ९० अंशाला एकेक. अशा पाच टिकल्या. खाली पायाच्या जागी खडूनं किंवा टेपनं खूण. आता फक्त टिकलीकडं तोंड वळवायचं, फोन जागचा हलवायचा नाही. समोरनं, दोन तिरके, दोन बाजूचे, असे पाच फोटो. नुसते डोळे वळवू नका, मानेसकट वळा. तिरका बरोबर आला का बघायची खूण म्हणजे नाकाचा शेंडा पलीकडच्या गालाच्या रेषेला नुसता टेकला पाहिजे, बाहेर आला तर जास्त वळलात, आत राहिला तर कमी. हनुवटी वर किंवा खाली नको, कानाच्या भोकाची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीचं खालचं हाड एका आडव्या रेषेत आलं पाहिजे, डॉक्टर लोक ह्याला फ्रँकफर्ट प्लेन म्हणतात, १८८४ साली जर्मनीत फ्रँकफर्टला कवट्या मोजणाऱ्यांनी ठरवलेली रेषा आहे ती. हनुवटी जरा खाली गेली की जबड्याखालचे मुरूम गायब होतात आणि कपाळ मोठं दिसतं. तुम्हाला जबड्यावर मुरूम येत असतील तर सहावा फोटो मान वर करून. चेहरा मोकळा, ओठ मिटलेले, हसणं नाही. हसू नका म्हटलं की हसू येतंच, मी लोकांना मनात बाराचा पाढा म्हणायला सांगतो.

रंगाचं सांगतो, कारण आपली बहुतेक माणसं सावळी किंवा गव्हाळ, आणि फोन त्यांना जबरदस्तीनं उजळ करतो. हे दुखणं जुनं आहे. आमच्या काळी रंगीत प्रिंट लॅबमधनं यायच्या, तिथं रंग जुळवायला कोडॅकची शर्ली कार्ड असायची, गोऱ्या बाईचा फोटो, तिचा रंग बरोबर आला म्हणजे मशीन बरोबर. मग आमचा माणूस त्यात मातकट नाहीतर भुरका येणार नाही तर काय. आजच्या ॲपांचंही तेच होतं, शिकवताना गोऱ्या कातडीचे फोटो जास्त असले की आपल्याकडं चुकतं. गोऱ्या माणसाची लाली लाल दिसते, सावळ्या माणसाची जांभळट-तपकिरी दिसते, ॲप तिला पिगमेंटेशन म्हणून मोकळं होतं. तुम्ही एवढं करा, स्क्रीनवर गालावर बोट ठेवा, दाबून धरा म्हणजे फोकस न् उजेड लॉक होईल, मग बाजूची सूर्याची खूण जराशी खाली ओढा, कपाळावरची पांढरी चकाकी जाईपर्यंत. पहिल्या फोटोत गालाजवळ साधा पांढरा ए४ कागद धरा. डॉक्टरला कळतं की कागद पांढरा दिसतोय म्हणजे बाकीचे रंग खरे.

एखादा तीळ किंवा डाग जवळनं दाखवायचा असेल तर एक वीतभर अंतरावरनं, त्याहून जवळ गेलं की काही फोन गुपचूप वाइड लेन्सवर उडी मारतात आणि डाग फुग्यासारखा दिसतो. शेजारी मोजायला काहीतरी पाहिजे. लोक रुपयाचं नाणं ठेवतात, ते नको, रुपयाची साइज बदलत गेलीय, जुना स्टीलचा २५ मिलिमीटरचा होता, २०११ ला आलेला २२ च्या आसपास, डॉक्टर कुठला धरणार. पोराच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या. आणि आधी एक लांबनं फोटो काढा ज्यात तो डाग चेहऱ्यावर नेमका कुठं आहे ते दिसेल, नुसता जवळचा पाठवला की गाल आहे का मांडी आहे ते कळत नाही.

मुरमाचे खड्डे दाखवायचे असतील तर वरचा सगळा नियम मोडायचा, कारण समोरच्या उजेडात खड्डा दिसतच नाही. एकच उजेड बाजूनं, जवळजवळ गालाला घासून जाईल असा. कातरवेळी नांगरलेल्या रानात ढेकळांच्या सावल्या पडतात ना, तसा. पण हा फोटो वेगळा ठेवा, वांगाच्या फोटोत मिसळू नका. क्लिनिकच्या मशीनमध्ये हेच पोलरायझरनं, म्हणजे एकाच दिशेचा उजेड गाळून घेणाऱ्या काचेनं करतात. उजेडाचा थोडा भाग कातडीच्या वरनंच परततो, ती चकाकी, बाकीचा आत जाऊन फिरून बाहेर येतो. दोन पोलरायझर काटकोनात ठेवले की चकाकी कापली जाते आणि आतला तपकिरी-लाल रंग दिसतो, समांतर ठेवले की उलट, वरचा खडबडीतपणा दिसतो. व्हिसियासारख्या चेहऱ्याचे फोटो काढायच्या मशीनमध्ये हनुवटी टेकवून डोळे मिटून बसवतात ते सुद्धा 'मागच्यासारखा' फोटो यावा म्हणूनच. अल्ट्राव्हायोलेट उजेडात मुरमाच्या जंतूंचे नारिंगी ठिपके दिसतात, ते घरी होत नाही, ऑनलाइन मिळणारे जांभळे टॉर्च डोळ्यावर मारत बसू नका.

किती वेळा काढायचे, तर चार आठवड्यांनी एकदा. वांगाला महिने लागतात, रोज फोटो काढून फक्त जीव जळतो. पाळीच्या आधी मुरूम वाढतात, म्हणून पाळीच्या हिशोबानं तेच दिवस धरा. फाइलला तारीख द्या.

पाठवताना व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, ते दाबून लहान करतं, एचडी केलं तरी थोडं दाबतंच. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ फाइल जाते. पण मूळ फाइलबरोबर लोकेशन पण जातं, म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा आधी. डॉक्टरांच्या नंबरवरच, घरच्या ग्रुपवर नाही, आणि ॲपला फोटो द्यायच्या आधी ते फोटो ठेवून घेतं का ते वाचा, डोळ्यावर काळी पट्टी मारली म्हणून माणूस ओळखू येत नाही असं काही नाही.

फोटोबरोबर दोन ओळी लिहा: काय लावता, किती दिवस, खाज येते का. हे फोटोत दिसत नाही. मेडिकलमधनं कुणीतरी दिलेली 'गोरं करायची' ट्यूब लावत असाल तर तिचं नाव, नाहीतर ट्यूबचाच फोटो. त्यात स्टेरॉईड असलं की पहिल्यांदा चेहरा इतका सुंदर दिसतो की ॲप तुम्हाला पंच्याण्णव देईल, आणि तीन महिन्यांनी पातळ लाल कातडी घेऊन माणूस आमच्या खुर्चीत येतो. आणि एखादी फोड भरतच नसेल, खपली धरून परत परत रक्त येत असेल, किंवा तीळ वाढत असेल तर फोटो काढत बसू नका, सीपीआर ह्या सरकारी दवाखान्याच्या स्किन ओपीडीत किंवा तुमच्या डॉक्टरांकडं प्रत्यक्ष जा.

तुमच्या दोन फोटोंपैकी रात्रीचा डिलीट करा. सकाळचा ठेवा, पण तो पहिला फोटो धरू नका, कारण टिकली आहे, केस कपाळावर आहेत आणि अंतर हातभरच आहे. ह्या रविवारी दहा वाजता त्याच गजाच्या खिडकीत बसा, पाच टिकल्या लावा, आणि काढल्यावर मोठं करून भुवईचे केस आणि बुबुळातले गज मोजता येतात का बघा. आले तर तो एक नंबर. मग चार आठवड्यांनी परत तिथंच, आणि तोवर घरच्यांना सांगून ठेवा की ती भिंत कुणी रंगवायची नाही.